आफ्रिकेंतील जर्मन टोप्या आणि त्यांची पारख

माणसाच्या डोक्यावर काय आहे हें पाहून तो कोण, कोठला आणि कोणत्या पेशाचा, हें ताडण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाहीं. ज्या काळीं पगड्या आणि पागोटीं नित्याच्या वापरांत होतीं, त्या काळीं त्यांच्या घडणीवरून माणसाची अर्धी ओळख न बोलतांच पटत असे. सैन्याच्या बाबतींत तर ही गोष्ट अधिकच खरी आहे. सैनिकाची टोपी शिंप्याच्या लहरीनें शिवली जात नाहीं. तिच्यावरील प्रत्येक चकती, प्रत्येक फीत आणि प्रत्येक रंग कोणत्या ना कोणत्या हुकमानें तेथें आलेला असतो. म्हणून ज्याला ते हुकूम ठाऊक आहेत, त्याच्या दृष्टीनें जुनी सैनिकी टोपी हा एक लहानसा दस्तऐवजच होय.

दुसऱ्या महायुद्धांत जर्मन सैनिकांनीं उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांत ज्या टोप्या घातल्या, त्या गोळा करणारे हौशी लोक आज युरोप-अमेरिकेंत पुष्कळ आहेत. जेथें मागणी तेथें नक्कल, हा बाजाराचा नियमच आहे. मराठींत एखाद्यास टोपी घालणें म्हणजे त्याला फसविणें. या बाजारांत विक्रेते तें काम खऱ्याखुऱ्या टोप्यांनींच करतात! तेव्हां खरी टोपी कोणती आणि बनावट कोणती हें कसें ओळखावें, आणि मुळांत तें ओळखण्याचा खटाटोप कां करावा, याचा थोडा विचार करूं जातां तो बोधप्रद होईल.

प्रथम या टोप्या जन्मास कशा आल्या तें पाहिलें पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या साऱ्या वसाहती गेल्या. त्यामुळें उष्ण प्रदेशांत लढणाऱ्या सैन्याला काय ल्यावयास द्यावें, हा प्रश्न जर्मन सेनाधिकाऱ्यांपुढें वीस वर्षें आलाच नव्हता. १९४० सालीं इटली युद्धांत उतरली आणि हा प्रश्न एकाएकीं उभा राहिला. हॅम्बुर्ग येथें उष्णकटिबंधांतील रोगांचें संशोधन करणारी एक प्रसिद्ध संस्था आहे. तेथील तज्ज्ञांच्या सल्ल्यानें सुती कापडाचा नवा गणवेश ठरविण्यांत आला. इकडे इटालियन सैन्याचा लिबियांत धुव्वा उडाला, आणि त्याला सांवरण्यासाठीं जनरल रोमेल १२ फेब्रुवारी १९४१ रोजीं त्रिपोली येथें येऊन दाखल झाला. त्याच्यामागून जें सैन्य उतरलें, तेंच पुढें 'आफ्रिका कोअर' या नांवानें प्रसिद्धीस आलें.

या सैनिकांना आरंभीं दोन प्रकारचीं शिरोवेष्टनें मिळालीं. एक बुचाच्या सालीचें, वर कापड चढविलेलें, टोपासारखें शिरस्त्राण. इंग्रज साहेब हिंदुस्थानांत जी सोला हॅट घालीत, तिचेंच हें जर्मन भावंड. सोला हॅट पाणवठ्यांत उगवणाऱ्या शोल्याच्या हलक्या भेंडापासून होई. जर्मनांनीं बूच वापरलें, आणि पुढें नमद्याचाहि एक प्रकार काढला. या टोपाच्या दोन्ही बाजूंस धातूची एकेक ढाल असे. एका ढालीवर काळा, पांढरा व तांबडा हे राष्ट्रीय रंग, तर दुसरीवर गरुड. दिसावयास हा टोप भारदस्त. परंतु रणगाड्याच्या दारांतून आंत शिरतांना तो अडे, खंदकांत गैरसोयीचा होई, आणि तोफगोळ्याच्या तुकड्यापासून तर त्यानें मुळींच रक्षण होत नसे. तेव्हां सैनिकांनीं तो लौकरच बाजूस सारला. सैनिकांच्या पसंतीस उतरली ती दुसरी वस्तु, म्हणजे साधी कापडी टोपी.

नभोवाणीवर वस्तु दाखवितां येत नाहीं; म्हणून श्रोत्यांनीं ही टोपी मनानेंच हातांत घ्यावी. कापड जाड सुती, रंग ओल्या शेवाळासारखा हिरवट. पुढें डोळ्यांवर सावली धरणारा लांब छज्जा. डोंगरी पलटणींच्या टोपीवरून ही टोपी बेतलेली आहे. मात्र डोंगरी टोपीची घडी थंडींत कानांवर ओढतां येते. वाळवंटांत त्याची गरज काय? म्हणून येथें ती घडी केवळ शिवणीनें दाखविलेली असते, ती उलगडत नाहीं. दोन्ही बाजूंस वारा खेळावा म्हणून धातूच्या कडीचीं दोन दोन भोकें. आंत अस्तर बहुधा तांबड्या सुती कापडाचें. तांबड्या रंगानें सूर्यकिरणांचा उपद्रव कमी होतो, अशी समजूत उष्ण प्रदेशांच्या वैद्यकांत पूर्वीपासून रूढ होती. पुढें ती टिकली नाहीं. परंतु पारख करणाऱ्यास तें तांबडें अस्तर ही एक मोठीच खूण झाली आहे.

आतां टोपीच्या दर्शनी भागाकडे वळूं. वर गरुड, आणि त्याच्या पायांत नात्सींचें चिन्ह. हें चिन्ह आपल्या उंबरठ्यावरच्या स्वस्तिकासारखें दिसतें, परंतु आपल्या मंगलचिन्हाच्या अर्थाशीं त्याचें कांहींएक नातें नाहीं. भूसेनेच्या या टोपीवरचा गरुड फिकट निळसर धाग्यानें, गंजाच्या तपकिरी रंगाच्या पट्टीवर यंत्रानें विणलेला असतो. गरुडाच्या खालीं काळ्या-पांढऱ्या-तांबड्या रंगांची वाटोळी चकती. तीहि तशाच तपकिरी पट्टीवर. विमानदलाची टोपी मात्र हिरवट नसून पिंवळट वाळूच्या रंगाची असते, आणि तिच्यावरचा गरुड पंख पसरून बसलेला नसून झेपावत असतो. नौदलाच्या टोपीवर गरुडाचा धागा पिंवळा. अर्थात् पिंवळट टोपीवर भूसेनेचा निळसर गरुड दिसला, कीं हातांतली वस्तु खालीं ठेवून पुन्हां विचार करावा.

चकतीच्या भोंवतीं उलट्या 'व्ही' अक्षराच्या आकाराचा एक बारीक रंगीत गोफ शिवलेला असे. तो सैनिकाच्या दलाची जात सांगे. पायदळाला पांढरा, तोफखान्याला तांबडा, रणगाड्यांच्या दलाला गुलाबी, संदेशवाहकांना लिंबासारखा पिंवळा, सुरुंगें लावणाऱ्या व पूल बांधणाऱ्या दलाला काळा. अधिकाऱ्याच्या टोपीला वरच्या कडेनें आणि पुढच्या वळणावर रुपेरी गोट. सेनापतीच्या टोपीला सोनेरी. रोमेल स्वतः मात्र बहुतेक छायाचित्रांत आपली युरोपांतलीच टोपी घातलेला दिसतो, आणि तिच्यावर इंग्रजांकडून हातीं लागलेला धुळीचा चष्मा. म्हणून एखादा विक्रेता 'ही रोमेलच्या डोक्यावरची' म्हणून वाळवंटी टोपी पुढें करूं लागला, तर ऐकणाऱ्यानें हंसून सोडून द्यावें हें बरें.

बाहीवरच्या फितींचाहि येथेंच उल्लेख केला पाहिजे, कारण त्यांच्या बाबतींत घोंटाळा फार होतो. एक फीत १८ जुलै १९४१ रोजीं सुरू झाली. हिरव्या पट्टीवर रुपेरी अक्षरांत 'आफ्रिकाकोर्प्स' असें तिच्यावर विणलेलें असे, आणि ती उजव्या बाहीवर लावीत. ती केवळ दलाची खूण होती. दुसरी १५ जानेवारी १९४३ रोजीं मंजूर झाली. तिचा रंग उंटाच्या लोकरीचा, तिच्यावर 'आफ्रिका' हें नांव आणि दोन्ही अंगांस ताडाचें झाड. ती डाव्या बाहीवर असे आणि मोहिमेंतील सेवेचा सन्मान म्हणून मिळे. खूण आणि सन्मान या दोहोंतला हा भेद न जाणणारा मनुष्य एकाच अंगरख्यावर दोन्ही फिती भलत्या बाजूंस शिवून ठेवतो, आणि आपलें अज्ञान जगाला दाखवितो.

एवढी माहिती कोणत्याहि चांगल्या पुस्तकांत सांपडते. आणि नक्कल करणाऱ्यांनींहि तीं पुस्तकें वाचलेलीं असतात! मग खरें-खोटें कसें ठरवावयाचें? कोर्टांत साक्षीदाराची उलटतपासणी करतांना वकील एकाच प्रश्नावर भर देत नाहीं. तो दहा बाजूंनीं दहा प्रश्न विचारतो आणि उत्तरें एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं तें पाहतो. टोपीची तपासणीहि याच रीतीनें करावी लागते. कोणतीहि एक खूण निर्णायक नसते. सर्व खुणांचा मेळ बसला पाहिजे.

पहिला प्रश्न शिक्क्याला. अस्तरावर कारखान्याचें नांव, गांव, साल आणि डोक्याचा घेर सेंटिमीटरांत, असा शिक्का पुष्कळदां आढळतो. युद्धाच्या उत्तरार्धांत कारखान्याच्या नांवाऐवजीं नुसता सांकेतिक क्रमांक छापण्याची रीत आली. अर्थात् १९४१ चें साल आणि त्याच्या शेजारीं तो उत्तरकाळचा क्रमांक, असें दिसल्यास साक्षीदार अडखळला असें समजावें. दुसरा प्रश्न गोफाला. १९४२ सालीं तो रंगीत गोफ लावण्याची पद्धत बंद करण्याचा हुकूम निघाला. ज्या टोपीवर १९४३ चा शिक्का आहे, तिच्यावर कारखान्यांतूनच शिवून आलेला गोफ दिसणें संशयास्पद होय. उलटपक्षीं, जुन्या टोपीवरचा गोफ काढून टाकल्याच्या खुणा, म्हणजे सुईचीं बारीक छिद्रें आणि गोफाखालीं उन्हानें न विटलेली कापडाची रेघ, या दिसल्या तर ती फार मोलाची साक्ष ठरते. तसली रेघ हुबेहूब उतरविणें नक्कल करणाऱ्याला सोपें जात नाहीं.

तिसरा प्रश्न विणकामाला. पैठणीची पारख करणारी जाणती गृहिणी पदराची उलट बाजू आधीं पाहते. या चिन्हांचेंहि तसेंच आहे. वुपर्टाल येथील एका कारखान्याच्या नांवावरून 'बेव्हो' या नांवानें प्रसिद्ध असलेली यंत्रविणीची चिन्हें अत्यंत बारीक धाग्यांचीं असतात. त्यांत गरुडाचीं पिसें स्पष्ट उमटतात, आणि पाठीमागें धागे ओळीनें गेलेले दिसतात. पुष्कळ नकला विणलेल्या नसून भरतकामाच्या यंत्रावर काढलेल्या असतात. त्यांच्या पाठीवर टांक्यांचा गुंता दिसतो. ज्या विणलेल्या असतात, त्यांत धागा जाड आणि गरुड बोजड.

चौथा प्रश्न धाग्याच्या जातीला, आणि तो रसायनशास्त्राच्या साह्यानें विचारावा. आज ज्याला पॉलिएस्टर म्हणतात त्या कृत्रिम धाग्याचा शोध इंग्लंडांत व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनीं १९४१ सालीं लावला. तो बाजारांत आला तो युद्ध संपल्यावर. जर्मन शिवणयंत्रावर तो आफ्रिकेच्या मोहिमेच्या काळीं असणें शक्यच नाहीं. शिवणींतला सुटलेला धाग्याचा कण जाळून पाहिला, तर सुताची राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची कठीण गोळी बनते. मालकाची परवानगी असेल तरच आणि अगदीं कणभर धाग्यावरच हा प्रयोग करावा, हें सांगणें नलगे. दुसरी परीक्षा अतिनील किरणांच्या दिव्याची. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात, त्याच हेतूनें आधुनिक धाग्यांत व धुण्याच्या चूर्णांत झळाळी आणणारीं द्रव्यें घालतात. अंधारांत त्या दिव्याखालीं तीं निळसर पांढऱ्या तेजानें चमकतात. जुना सुती धागा असा चमकत नाहीं. परंतु येथेंहि एक धोका आहे. एखाद्या सैनिकाच्या सुनेनें ती खरी टोपी पुढें केव्हां तरी नव्या साबणचुऱ्यानें धुतली असेल, तर तीहि चमकेल! म्हणून शिवणीच्या आंतल्या, पाणी कमी पोहोंचलेल्या जागीं पाहावें, आणि एवढ्या एका परीक्षेवर निर्णय देऊं नये.

पांचवा प्रश्न झिजेला. वाळवंटांत टोपी उन्हानें विटे. आणि नवखेपणा लपविण्यासाठीं सैनिक ती मुद्दाम फिकी करीत, त्यासाठीं विषारी वायूच्या निवारणार्थ दिलेल्या गोळ्यांचाहि उपयोग करीत, असें सांगतात. तेव्हां नुसता फिका रंग म्हणजे खोटेपणा नव्हे आणि खरेपणाहि नव्हे. पाहावयाचें तें हें, कीं झीज जेथें व्हावी तेथेंच झाली आहे काय? छज्ज्याची कड, जेथें बोटांनीं टोपी उचलली जाते. कपाळाचा पट्टा, जेथें घाम मुरतो. माथ्याची घडी, जेथें ऊन थेट पडतें. हीं झिजण्याचीं स्थानें. चिन्ह मात्र कोरें आणि भोंवतालचें कापड झिजलेलें, अथवा अस्तरावर एकसारखा चहाच्या पाण्याचा रंग, असें दिसल्यास तो काळाचा नव्हे, कारागिराचा हात समजावा.

सहावा आणि सर्वांत अवघड प्रश्न विक्रेत्याच्या कथेला. अनुभवी संग्राहक एक सूत्र सांगतात, कीं वस्तु विकत घ्यावी, गोष्ट विकत घेऊं नये. गोष्ट नेहमींच रसाळ असते. आजोबा युद्धांत होते, त्यांनीं ही टोपी एका पकडलेल्या सैनिकाच्या डोक्यावरून घेतली, वगैरे. असें कांहीं घडलेंच नसेल असें नाहीं. १३ मे १९४३ च्या सुमारास ट्युनिशियांत जर्मन व इटालियन सैन्यानें शस्त्रें खालीं ठेवलीं, तेव्हां दोन लक्षांहून अधिक सैनिक कैद झाले, आणि जिंकलेल्यांनीं आठवण म्हणून हजारों वस्तु घरीं नेल्या. पुष्कळ जर्मन कैदी अमेरिकेंतील छावण्यांत गेले आणि आपल्या टोप्याहि त्यांनीं बरोबर नेल्या. त्या खऱ्या टोप्यांच्या जोडीला पुढें चित्रपटांसाठीं आणि लुटुपुटीच्या लढाया खेळणाऱ्यांसाठीं प्रामाणिकपणें नकला तयार झाल्या. त्याच कालांतरानें जुन्या होऊन खऱ्या म्हणून विकल्या गेल्या. यास्तव कथेबरोबर कागद असेल, छायाचित्र असेल, पत्र असेल, तरच तिला वजन द्यावें.

या वाळवंटाशीं मराठी माणसाचा संबंध मात्र संग्राहकाचा नाहीं, सैनिकाचा आहे. २० जून १९४२ रोजीं रोमेलनें टोब्रुकवर अखेरचा हल्ला केला, तो आग्नेय बाजूनें. आणि त्या बाजूच्या तटबंदीवर मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण उभी होती. टोब्रुक पडलें आणि त्या पलटणीचे वांचलेले जवान तुरुंगवासांत गेले. पुढें वर्षभरानें पारडें फिरलें. १२ मे १९४३ रोजीं आफ्रिकेंतील जर्मन सेनापति फॉन आर्निम यानें शरणागति पत्करली, ती चौथ्या हिंदी डिव्हिजनपुढें. त्या दोन तारखांमध्यें या टोप्यांच्या आफ्रिकी इतिहासाचा उत्तरार्ध जवळजवळ सामावलेला आहे.

याहून गुंतागुंतीची गोष्ट अशी, कीं उत्तर आफ्रिकेंत पकडलेल्या हिंदी सैनिकांतूनच सुभाषचंद्र बोस यांच्या प्रेरणेनें जर्मनींत आझाद हिंद फौजेचें पथक उभें राहिलें. त्या जवानांचा गणवेश जर्मन होता. शीख आपल्या पगड्याच बांधीत. इतरांच्या डोक्यावर जर्मन टोप्या असत, आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावर असतांना कित्येकांच्या अंगावर हाच उष्ण प्रदेशाचा सुती गणवेश होता. उजव्या बाहीवर झेप घेणाऱ्या वाघाचा, केशरी, पांढऱ्या व हिरव्या पट्ट्यांचा बिल्ला असे. म्हणजे तीच टोपी एका हिंदी जवानासमोर शत्रूच्या डोक्यावर होती, तर दुसऱ्याच्या स्वतःच्या डोक्यावर. टोपी एकटी असेल तर यांतलें कांहींच सांगत नाहीं. ती कोणाची, कोठून आली, कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेली, हें लिहून ठेवलें नाहीं तर तिचें अर्धें मोल तेथेंच नाहींसें होतें.

शेवटीं एका गोष्टीचा विसर पडतां कामा नये. आफ्रिकेंतील युद्ध म्हणजे जणुं दोन शूर पक्षांचा सभ्य सामना, अशी एक समजूत पुष्कळ दिवस प्रचारांत आहे. आणि या टोप्यांना आलेला भाव कांहीं अंशीं त्या समजुतीचाच भाव आहे. परंतु नोव्हेंबर १९४२ पासून मे १९४३ पर्यंत ट्युनिस जर्मनांच्या ताब्यांत असतांना वाल्टर राउफ या एसएस अधिकाऱ्याच्या अमलाखालीं सुमारें ५,००० यहुदी लोकांना वेठीस धरून छावण्यांत राबविण्यांत आलें. हा तोच राउफ, ज्याचें नांव पूर्वेकडे माणसांना विषारी वायूनें मारणाऱ्या फिरत्या गाड्यांशीं जोडलेलें आहे. टोपीवरचा गरुड हा त्याच राज्याचा गरुड होता. म्हणूनच जर्मनीच्या फौजदारी कायद्याच्या ८६ अ या कलमान्वयें ह्या चिन्हांचें सार्वजनिक प्रदर्शन गुन्हा ठरतें. अध्यापन, संशोधन, कला यांस तेवढी सवलत आहे.

तात्पर्य, अशा टोपीचा संग्रह करणाऱ्यावर दुहेरी जबाबदारी येते. खोटी टोपी खरी म्हणून ठेवणें म्हणजे इतिहासाच्या दप्तरांत खोटा कागद घुसडणें होय. पुढच्या पिढीचा अभ्यासक तो खरा मानूनच वाचील. आणि खरी टोपी नुसती शोभेची वस्तु म्हणून मिरविणें म्हणजे खऱ्या कागदाचा अर्धा मजकूर फाडून टाकणें. संग्राहकानें टोपी धुऊं नये, उन्हांत ठेवूं नये, तुटलेला टांका नव्या धाग्यानें घालूं नये. स्वच्छ सुती कापडांत, आंत मऊ कागदाचा आधार देऊन ती कोरड्या जागीं ठेवावी. तिच्याजवळ एक चिठ्ठी असावी आणि त्या चिठ्ठींत टोपी कोठें मिळाली, केव्हां मिळाली, कोणत्या खुणा तपासल्या आणि कोणत्या जुळल्या नाहींत, हें सरळ शब्दांत लिहावें. एखादी खूण न जुळली तर तीहि न लपवितां नोंदवावी. खरेपणाची शंभर टक्के खात्री पुष्कळदां मिळत नाहीं. परंतु प्रामाणिक चिठ्ठी प्रत्येकाला लिहितां येते, आणि बाजारांतल्या शंभर रसाळ कथांपेक्षां तिचाच उपयोग पुढच्यांस अधिक होईल.